विसाव्याची झाडं

आमच्या घरी सकाळ व्हायची ती चाळणीच्या आवाजाने. फजरची नमाज उरकली की अम्मी अंगणात पोतं उलटं करायची आणि मोठ्या भोकांच्या चाळणीत डिंक घोळवायला बसायची. डिंकाच्या खड्यावर खडा आपटला की जो आवाज निघतो तो दगडाचाही नसतो आणि काचेचाही नसतो. वाळलेल्या बोरांनी भरलेली टोपली कुणी हलवावी तसा काहीसा. त्या आवाजात मी अभ्यास केला, त्या आवाजात मला ताप आले आणि उतरले. आजही कुठे पत्र्यावर गारा पडल्या की मला आधी मारेगावचं तेव्हाचं अंगण आठवतं, मग गारा.

अब्बा डिंकाचे व्यापारी. व्यापारी म्हणजे काही फार मोठे नाहीत. डोंगरातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवरून, म्हणजे त्यांच्या वस्त्यांवरून, येणारा डिंक बाजाराच्या दिवशी घ्यायचा, घरी आणून साफ करायचा, रंगाप्रमाणे वेगळा करायचा आणि पुढे नागपूरच्या मोठ्या व्यापाऱ्याकडे पाठवायचा. साफ करणं आणि वेगळा करणं हे काम बायकांचं, म्हणजे अम्मीचं आणि माझं. पांढरा एका सुपात, पिवळा दुसऱ्यात, लाल तिसऱ्यात, आणि सालीने माखलेला काळा कोपऱ्यात. शंका आली तर खडा जिभेवर ठेवायचा. धावड्याच्या झाडाचा डिंक जिभेवर हळूहळू विरघळतो, गोडही नाही, तुरटही नाही, आणि दातांना असा धरतो की घटकाभर तोंड उघडता येत नाही. आमच्या घरात बोलणं कमी, ते याच्यामुळे, असं मी पुढे लोकांना गमतीने सांगत आले. तोंडात खडा असला की माणूस गप्प बसतो. मी गप्प बसायला तिथेच शिकले. या गमतीमागे काय आहे ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

थंडी पडली की अम्मी चांगल्यातला पांढरा डिंक काढून ठेवायची. तुपात टाकला की तो लाहीसारखा फुलतो. फुललेला डिंक वाटीच्या बुडाने चुरायचा, त्यात खारीक, खोबरं, थोडी खसखस आणि गुळाचा पाक. आमच्या गल्लीत कुणीही बाळंतीण झाली, मग ती आमच्यातली असो की शेजारच्या वच्छलाकाकूंची सून असो, अम्मीच्या लाडवांचा डबा गेल्याशिवाय राहायचा नाही. वच्छलाकाकूंच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिच्याखालच्या फळीवर आमचा डबा रिकामा होऊन परत यायची वाट बघत असायचा. काकू म्हणायच्या, "रहीमभाऊच्या बायकोच्या लाडवानं माह्या सुनेची कंबर उभी राह्यली, नाही तं माह्या हातचं खाऊन आडवीच होती." अम्मी लाजून पदर सारखा करायची. आमच्या घराचा मान म्हणाल तर तेवढाच होता, पण होता.

मी सांगते आहे ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. त्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, मी वेगळं काही लिहिणार नाही. एवढंच सांगते, की त्या वर्षांत अम्मीने एक हुकूम काढला होता, फवारणीच्या औषधाची बाटली घरात आणायची नाही. आमची शेती नव्हती, तरी. आजूबाजूच्या घरांतून त्या बाटल्यांनी काय काय नेलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. रस्त्यात रिकामी बाटली दिसली तरी अम्मी वाट बदलायची. आणि दुसरी गोष्ट अशी झाली, की शेतात मजुरी उरली नाही तशी माणसं डोंगराकडे वळली. ज्या झाडापाशी आधी एक हात पोचायचा तिथे तीन पोचू लागले. डिंक पुरा पिकायच्या आधीच खरवडला जायचा. अब्बांच्या पोत्यात साल जास्त आणि माल कमी यायला लागला. अम्मीची चाळणी लवकर थांबू लागली. सकाळ लवकर गप्प व्हायची.

तरी एका पोडावरून माल नेहमीसारखाच यायचा. तो लचमाबाईचा. लचमाबाई म्हणजे डोंगराच्या कुशीतल्या पोडावरची म्हातारी. काळीसावळी, काटक, कपाळावर गोंदण, आणि जीभ अशी की अब्बा तिच्यासमोर तराजू धरताना दोनदा काटा पुसायचे.

"रहीमभाऊ, तुमचा काटा देवाले भेते का माणसाले?" ती विचारायची.

"तुले भेते, बुढे. तुह्या मालात अर्धा डिंक अन् अर्धी तुही जीभ. दोन्हीचं वजन करा लागते."

"मंग जिभेचे पैसे वेगळे द्या. ते चोख हाय."

मग दोघंही हसायचे आणि मला चहा आणायला सांगायचे. लचमाबाई बशीतला चहा फुंकत फुंकत प्यायची आणि माझ्या पुस्तकांकडे बघायची. मी तेव्हा बारावीत होते, विज्ञान शाखेत. आमच्या नात्यात एवढं शिकलेली मी पहिली मुलगी. यवतमाळच्या कॉलेजात जायचं माझ्या मनात होतं, आणि अब्बांच्या मनात कधी जायचं असायचं, कधी नसायचं.

लचमाबाईच्या पोडावर मी अब्बांबरोबर दोन-तीनदा गेले होते. पोडाच्या मागे धावड्याचा उतार होता. गुळगुळीत, पांढुरक्या सालीची झाडं, उन्हाळ्यात पानं झडली की सगळा उतार हाडांसारखा दिसायचा. उताराच्या पायथ्याशी झरा. मोठा नाही, दोन दगडांच्या फटीतून करंगळीएवढी धार, खाली कुंडी, कुंडीत दिवसभर पाणी. पण ती धार जेठ महिन्यातही आटत नव्हती. पोड तिथे होता तो त्या धारेमुळे. "आमच्या बोलीत पाण्याले ईर म्हन्ते," लचमाबाईने मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि ओंजळीने पाजलं होतं. अब्बांनी बाटलीतलं आणलं होतं, ते तसंच राहिलं.

त्या उतारावर मी एक गोष्ट बघितली. बऱ्याच झाडांच्या खोडाला पळसाच्या मुळाच्या दोराचा पट्टा बांधलेला होता. मी विचारलं तेव्हा लचमाबाई म्हणाली, "हे विसाव्याची झाडं हायेत." ज्या झाडावर यंदा कुऱ्हाडीने खाच पाडली, डिंक घेतला, त्याला हंगाम संपला की पट्टा. मग दोन हंगाम त्याला घाव नाही. पट्टा कुजून गळून पडला की झाडाचा विसावा संपला. कुणी मोजत नसे, दोरच मोजायचा. म्हणून बाकी डोंगर खरवडला गेला तरी या एका उतारावरचा माल पांढरास्वच्छ यायचा. बाहेरचे लोक तिकडे फिरकत नव्हते, कारण त्या उतारावर पट्ट्याच्या झाडाला हात लावणाऱ्याला सगळा पोड मिळून झऱ्याचं पाणी बंद करायचा. दुसरी शिक्षा नव्हती आणि दुसरीची गरजही नव्हती.

दिवाळीच्या सुमारास अब्बा एक बाटली घेऊन आले. अम्मी वच्छलाकाकूंकडे गेली होती. अब्बांनी ती डिंकाच्या पोत्यात खुपसली आणि मला मागच्या खोलीत बोलावलं. "नजमा, पढ तो जरा, इस पे क्या लिखा है." कापसाची बोंडं एकदम फुटावीत, फळं लवकर पिकावीत म्हणून वापरायचं ते औषध होतं. नागपूरच्या व्यापाऱ्याने अब्बांना सांगितलं होतं, की झाडाच्या खोडात हे सुईने सोडलं की डिंक धो धो येतो, आंध्राकडे लोक हेच करतात. बरोबर इंग्रजीतला घडीचा कागद होता. अब्बांनी तो माझ्यापुढे धरला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. ते मला विचारत होते. माझ्या मोठ्या भावाला नाही, मला. मी कागद वाचला, वहीत लिहून काढला, रसायनाचा अर्थ लावला. पिकांची यादी होती, त्यात जंगलातल्या झाडाचं नाव नव्हतं. किती पाण्यात किती मिसळायचं, ते मी अंदाजाने ठरवलं. अब्बा म्हणाले, "बघ, शिकलेली पोरगी घरात असली म्हणजे असं." त्या वाक्याने मी किती दिवस फुगून फिरले ते लिहायला आजही लाज वाटते.

आता जे लिहिते आहे ते कुणालाच माहीत नाही. अब्बांनाही नव्हतं.

मी आधी प्रयोग करून बघितला. आमच्या अंगणात मागच्या भिंतीला लागून शेवग्याचं झाड होतं. शेवग्यालाही डिंक येतो. एका दुपारी घरात कुणी नसताना मी अब्बांच्या गिरमिटाने खोडाला तिरपं भोक पाडलं, गुरांच्या दवाखान्यातून आणलेल्या सुईने औषध सोडलं आणि वरून ओली माती लिंपली. आठ दिवसांत डिंक आला. असा आला की खोडावरून ओघळून खाली मातीत गोळे झाले. मी ते उचलून लपवले. माझ्या वहीत त्या दिवसाची तारीख टाकून मी एक रेघ ओढली होती, खाली लिहिलं होतं, 'यशस्वी'. पौष गेला, माघ लागला. शेवग्याची पानं पिवळी झाली. ऋतू नसताना झडली. फुलं आली नाहीत. महाशिवरात्रीच्या आसपास मी फांदी मोडून बघितली तर ती आतून तपकिरी, कोरडी होती. अम्मी रोज त्याच्याखाली उभी राहून वर बघायची. "काहून सुकलं बाप्पा हे? एवढ्या शेंगा देत होतं." मी म्हणाले, "वाळवी लागली असेल, अम्मी." तिने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मी बारावीत होते. माझा शब्द पक्का.

वहीतला 'यशस्वी' हा शब्द मी खोडला नाही. खाली काही लिहिलंही नाही.

फाल्गुनात अब्बा मला घेऊन पोडावर गेले. बोलणं मीच करावं असं त्यांनी ठरवलं होतं, लचमाबाई माझं ऐकेल म्हणून. झऱ्याजवळ दगडावर आम्ही बसलो. लचमाबाई, तिचा मुलगा मारू, आणखी चार-सहा माणसं. मी गिरमिट दाखवलं, सुई दाखवली, बाटली दाखवली. मारू सुई हातात घेऊन हसला, "बुढीच्या ढुंगनाले लावून पाहू आधी, डिंक निंगते का?" सगळे हसले. लचमाबाईने त्याला खालच्या दगडाने मारायचा आव आणला. मग म्हणाली, "ज्या झाडाले पट्टा नाय त्याले लावू. पट्टेवाल्याले नाय."

माल लागणार होता तो खरा पट्ट्याच्या झाडांवरचा. उतारावर निम्म्याहून जास्त झाडं विसाव्याला होती. अब्बांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी बोलले. तो युक्तिवाद मी घरूनच तयार करून नेला होता हे मला आज कबूल केलं पाहिजे. मी म्हणाले, "आजी, विसावा कशाचा असतो? घावाचा. कुऱ्हाड लागते, साल फाटते, म्हणून झाडाले आराम. यात कुऱ्हाड नाही. साल फाटत नाही. करंगळीएवढं भोक, वरून माती. घावच नाही तर विसावा मोडला कसा?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्यांची रीत कुऱ्हाडीसाठी झाली होती, सुई कुणी बघितलीच नव्हती. मारू म्हणाला, "बरोबरच बोलून राह्यली पोरगी." लचमाबाई कुंडीशी वाकली आणि ओंजळभर पाणी प्यायली. मग तिने मला जवळ बोलावलं आणि माझी हनुवटी धरून विचारलं, "नजमा, तू शिकेल हाय. मले एवढंच सांग. झाडाले काही होईन का?"

शेवगा डोळ्यांपुढे होता. त्याच सकाळी घरून निघताना मी त्याच्या वाळक्या खोडाला वळसा घालून आले होते.

"काही नाही होत, आजी," मी म्हणाले.

एवढंच. त्यानंतरचं सगळं या तीन शब्दांमधून निघालं. लोकांना वाटतं जंगल मोठ्या यंत्रांनी तुटतं, ठेकेदार तोडतात, धरणं बुडवतात. तसंही तुटतंच. पण एक आख्खा उतार एका सतरा वर्षांच्या मुलीने हसऱ्या तोंडाने बोलून मारला, तेव्हा तिच्या हातात पुस्तकाचं ज्ञान होतं आणि मनात यवतमाळचं कॉलेज होतं. कुणी दमदाटी केली नाही. त्यांनी विश्वास ठेवला म्हणून ते झालं.

त्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. अम्मीची चाळणी दुपारपर्यंत वाजायची. खडे मोठे, पण मऊ, पाणचट. मी जिभेवर ठेवून बघितला तर कडवट लागला. अब्बांनीही बघितला असणार, ते काही बोलले नाहीत. आमच्या घरची तीच रीत. अम्मी मात्र म्हणाली, "हा लाडवाला चालणार नाही," आणि त्या वर्षी तिने लाडवांसाठी डिंक बाजूला काढला नाही. जूनमध्ये मी यवतमाळला गेले. बसमध्ये बसताना अब्बांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लचमाबाईने मारूजवळ माझ्यासाठी चारोळी पाठवली होती, पळसाच्या पानात बांधून.

पहिल्या वर्षी काही झालं नाही. म्हणजे मला तसं सांगण्यात आलं आणि मी ते आनंदाने मानलं. दुसऱ्या हंगामात पुन्हा सुया लागल्या, जास्त लागल्या, कारण डिंक कमी आला. तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आले तेव्हा अब्बा म्हणाले, "पोडाकडे नको जाऊस, तिकडे आता काही नाही." मी गेले. श्रावण-भादव्यापासून हिरवा असायला हवा होता तो उतार दिवाळीतही पांढरा होता. झाडं उभी होती. एकही पडलं नव्हतं. पळसाचे सगळे पट्टे कुजून गळालेही नव्हते, काही मेलेल्या खोडांना तसेच बांधलेले होते. मी एका खोडाला हात लावला तर साल हातात आली. त्या खालच्या लाकडात आमच्या गिरमिटाची भोकं तपकिरी डोळ्यांसारखी दिसत होती. एका खोडाला चार.

तेव्हा मला एक गोष्ट कळली ती कुठल्या पुस्तकात नव्हती. कुऱ्हाडीने बुंध्यापासून तोडलेला धावडा मुळातून पुन्हा फुटतो, पोडातली म्हातारी माणसं ते जाणून होती. धावड्याचं बी सहजी रुजत नाही, म्हणून ते बियांच्या भरवशावर नव्हते, मुळाच्या भरवशावर होते. आम्ही मुळालाच औषध पाजलं होतं. ज्या कुऱ्हाडीचा घाव मी वाईट ठरवला होता ती झाडाला जिवंत ठेवत आली होती.

मग ठरल्यासारखं सगळं झालं. वाळलेली झाडं जळणाला तोडली गेली, वाळलेल्या झाडाला कोण अडवणार. उघड्या उतारावरची माती पहिल्याच मोठ्या पावसात खाली आली आणि कुंडी गाळाने भरली. लोकांनी उपसली, पुन्हा भरली. पाऊस पडला तरी तो थांबत नव्हता, उतारावरून गढूळ होऊन पळत सुटायचा. आधी जेठात धार आटली. पुढच्या साली चैत्रात. मधमाश्या गेल्या, मोरांचा आवाज गेला, हे मला मारूने सांगितलं, मला ते ऐकायचं नव्हतं. त्यानंतर बायका दूरच्या शेतातल्या बोअरवर हंडे घेऊन जाऊ लागल्या आणि शेतमालक कधी देई, कधी दरवाजा लावून घेई. दोन वर्षांनी पोड उठला. डांबरी रस्त्याच्या कडेला, कापसाच्या शेतांना लागून झोपड्या पडल्या. ज्या माणसांनी पिढ्यानपिढ्या कुणाच्या शेतात वेचणी केली नव्हती ती वेचणीला उभी राहिली.

मी आता मारेगावातच शिक्षिका आहे, राहते त्याच घरात. सातवीला विज्ञान शिकवते. पुस्तकात जंगलांचा धडा आहे. त्यात दूरच्या देशातल्या सदाहरित जंगलाचं चित्र आहे, वर ढग, खाली नदी. झाडं पाणी धरून ठेवतात, माती धरून ठेवतात, पाऊस आणतात, असं मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. मुलं वहीत उतरवतात. लिहिताना खडूचा आवाज होतो आणि मला बरं वाटतं, कारण पाठ मुलांकडे असते. यंदा वर्गात एक मुलगी आहे, सरिता. रस्त्याकडेच्या त्या वस्तीतून येते. मारूची धाकटी. धडा संपल्यावर तिने हात वर केला.

"मॅडम, आमच्या पोडात झरा होता म्हन्ते बाबा. झाडं मेली अन् गेला. झाडं कशानं मेली?"

वर्ग माझ्याकडे बघत होता. माझ्या तोंडून निघालं, "वाळवी लागली असेल, बेटा."

वीसेक वर्षांनी तोच शब्द. घरी येऊन मी जेवले नाही. अम्मीला जाऊन वर्ष होत आलं होतं. शेवटच्या आजारात ती मला म्हणाली होती, मागच्या भिंतीजवळ झाड लावू नकोस, तिथे वाळवी आहे. ती जागा मी अजून रिकामीच ठेवली आहे. त्या संध्याकाळी मी हे लिहायला बसले. लिहून पुरं झालं की छापायच्या आधी मारूकडे जाणार आहे. त्याला वाचता येतं, पण हे मीच मोठ्याने वाचलं पाहिजे, आणि सरिता तिथे असली पाहिजे. ते दोघं काय म्हणतील ते मला माहीत नाही. म्हणतील ते ऐकायचं आहे. माफी मागायला मला जीभ नाही, ती मी मागणारही नाही. झऱ्याची माफी माणसाकडे कशी मागायची?

एकच गोष्ट राहिली, ती सांगायची म्हणून इतकं लिहिलं.

लग्नानंतर पहिल्या बाळंतपणाला मी मारेगावला आले होते. पोड उठून वर्ष झालं होतं. मुलगी झाली. सहाव्या दिवशी सकाळी लचमाबाई दारात उभी. रस्त्यावरच्या वस्तीतून चालत आली होती, वाकली होती, गोंदण सुरकुत्यांत हरवलं होतं. तिने कनवटीची फडक्याची पुरचुंडी काढून अम्मीच्या हातात दिली. आत धावड्याचा डिंक. पांढरा, कडक, एकेक खडा आसवासारखा. अम्मीने एक जिभेवर ठेवला आणि तिचे डोळे मोठे झाले.

"हा कुठून आणला बाई? तिकडे तं काहीच राह्यलं नाही म्हणतात."

"एक हाय," लचमाबाई म्हणाली. "वरच्या अंगाले, दगडाच्या आड. त्याले मी सुई लागू नाय देल्ली. पट्टा होता त्याले."

"काहून? पोरीनं तं सांगितलं होतं, काही होत नाही म्हणून."

मी खाटेवर होते, बाळ अंगाशी. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. लचमाबाई खाटेजवळ आली, बाळाच्या टाळूवर बोट ठेवून बघत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, मला राग हवा होता.

"शिकेल असली तरी लेकरूच ना व ते," ती म्हणाली. "लेकराचं ऐका बी लागते, अन् थोडंसं मांगं ठेवा बी लागते."

अम्मीने त्याच दिवशी लाडू केले. डिंक तुपात फुलल्याचा वास घरभर गेला. तिने पहिला लाडू लचमाबाईला दिला आणि दुसरा मला. लचमाबाई उंबऱ्यात बसून खात होती आणि मधून मधून माझ्याकडे बघत होती. ती वाट बघत होती असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं. मी सगळा लाडू खाल्ला. घासामागून घास घेत राहिले आणि स्वतःला सांगत राहिले, की तोंडात डिंक आहे, आत्ता बोलता येणार नाही.

तळलेला डिंक दातांना चिकटत नाही. डिंकवाल्याच्या मुलीला हे कुणी सांगावं लागत नाही.